कणूचं पान

राजमक्काचा जावई म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. भुवया उंचावू नका. आमच्या तंजावुरात मामानं भाचीशी लग्न करण्यात काही वावगं नाही. उलट घरात मामा असून पोरगी बाहेर दिली तर चार लोक विचारतात, घरात काय काटे पडले होते की काय? राजमक्कानं तर हे लग्न हट्टानं जुळवलं. आई गेली तेव्हा सांबशिव एवढासा होता. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, अंधाराला भ्यायचा म्हणून झोप लागेपर्यंत उशाशी दिवा घेऊन बसली. आपली विनुता त्याच्या घरी गेली की लेकही डोळ्यांपुढे आणि भाऊही. विहिणीची कटकट नको, मानपान नको. केवढी हुशारी वाटली होती तिला तेव्हा!

ती हुशारी पुढं चांगलीच अंगाशी आली. पोरीला मार पडला तर तिनं जायचं कोठें? आई राजमक्का, आणि नवऱ्याची अक्काही राजमक्काच! आईजवळ रडावं तर तिच्या लाडक्या भावाची चहाडी होते. बिचारीनं सात वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

सांबशिवनं त्या दिवसांत केबल टीव्हीचा धंदा काढला होता. गच्चीवर डिश बसवून राजवाड्यामागच्या साऱ्या गल्ल्यांत तारा फिरवल्या. दोन वर्षं ऐट काय विचारता! मग दुसरा एक मोठा केबलवाला गावात उतरला आणि ह्याच्या तारा लोंबकळत राहिल्या. इकडे विनुता संगणकाच्या क्लासात शिकवायला जाऊ लागली. बाहेरचा राग घरात निघू लागला.

दिवाळीला राजमक्का फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेली, तर विनुता स्वयंपाकघरात खाली बसलेली, ओठ फुटलेला. सांबशिव पाठमोरा उभा. "गायत्री कोठें?" राजमक्कानं विचारलं. विनुतानं जिन्याकडे पाहिलं. ती जिना चढून गच्चीवर गेली. तिथल्या अडगळीच्या खोलीला बाहेरून कडी. तिनं कडी काढली. सहा वर्षांची नात अंधारात भिंतीला टेकून उभी होती, नवा परकर ओला झालेला. रडत नव्हती. त्या न रडण्यानंच राजमक्काचं काळीज फाटलं.

विनुता पोरीला घेऊन आईकडे आली आणि दुसऱ्याच आठवड्यात भुवनेश्वरी वकिलीणबाईंकडून काडीमोडाचा दावा लावला. सांबशिवनं उलट अर्ज टाकला. म्हणे, आई दिवसभर नोकरीला, पोरीकडे लक्ष कोण देणार, पोर मला द्या. त्याला पोरीचा लळा होता असं कोणी म्हणू नये. पोर आणली की पाठोपाठ आई मुकाट येईल, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

भुवनेश्वरी आमच्याच गल्लीतली, घराच्या पुढच्या खोलीत वकिली करणारी. गोड बोलून समजूत काढणं तिला येत नसे. ती म्हणाली, "राजमक्का, त्या खोलीची कडी तू काढलीस. बघणारं दुसरं कोणी नव्हतं. तू कोर्टात ते सांगितलंस तर पोर आईजवळ राहील. 'मज आठवत नाही' म्हणालीस तर माझ्या हातात काही नाही."

"आणि सांगितलं तर? सांबाचं काय?"

"तो पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. खोटं कशाला सांगू तुला?"

इकडे आड, तिकडे विहीर. राजमक्का घरी आली ती ओचा सावरत.

साक्ष पोंगलच्या सुटीनंतर ठेवली होती. आता पोंगलच्या दुसऱ्या दिवशी इकडे कणू असते. बायका पहाटे पारोशानंच गच्चीवर जातात, हळदीच्या पानावर पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या भाताचे मुटके मांडतात, कावळ्यांना बोलावतात आणि भाऊ सुखी राहो म्हणून हात जोडतात. तमिळ शेजारणींची ही रीत आमच्या मराठी घरांत कधी शिरली देव जाणे, पण राजमक्कानं ती एक वर्ष चुकवली नव्हती. ह्या वर्षीही ती उठली आणि पान मांडून आली.

खाली विनुता उभी होती. "अम्मा, ह्या वर्षीसुद्धा? त्याच्यासाठी?"

"भाऊ आहे गे माझा."

"मग तू कसली साक्ष देतेस! माझी पोर गेली आता!" विनुता ओरडली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तिला तरी दोष कसा द्यावा? आणि दुपारी काय झालं, तर सांबशिव नेहमीसारखा कणूच्या जेवणाला हजर! हातात बहिणीसाठी साडी. विनुता गायत्रीला घेऊन आतल्या खोलीत बसून राहिली. राजमक्कानं त्याला केळीच्या पानावर वाढलं. तो निगुतीनं जेवला, मग तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "अक्का, तू मज वाढवलंस. मी खोटं बोल म्हणत नाही. 'मज काही ठाऊक नाही' एवढंच म्हण. बास." राजमक्का हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्यानं तेच हो धरलं.

कोर्टात पट्टेवाल्यानं तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली. ती पिंजऱ्यात चढली. समोर सांबशिव, बाजूच्या बाकावर विनुता पदराचं टोक पिळत. भुवनेश्वरीनं विचारलं, "दिवाळीला तुम्ही त्या घरी गेलात. काय पाहिलंत?"

राजमक्कानं वर पाहिलं. पंखा घरघरत राहिला. भुवनेश्वरीनं पुन्हा विचारलं. विनुतानं डोळे मिटून घेतले.

"कडी," राजमक्का म्हणाली. "बाहेरून लावलेली होती." आणि मग सगळं सांगितलं. फुटलेला ओठ, जिना, अंधार, ओला परकर. सांबशिवचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याचे वकील उठले. त्यांना सांबशिवनं कणूच्या जेवणाचं आधीच सांगून ठेवलं होतं. हा हुकमाचा पत्ता त्यांनी राखून ठेवलेला. हसत हसत त्यांनी विचारलं, "अम्मा, ह्या पोंगलला कणू ठेवलीत?"

"ठेवली."

"कोणासाठी?"

"सांबासाठी."

"दरवर्षी ठेवता? ह्याला पोटच्या पोरासारखं वाढवलंत? आजही माया आहे?"

"आहे की. कोठें जाईल माया?"

"ऐकलंत, साहेब? माणूस इतका दुष्ट असता तर बहिणीनं त्याच्यासाठी देवाला हात जोडले असते? ही गोष्ट मुलीनं पढवलेली आहे!"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. तेही तंजावूर जिल्ह्यातलेच. कणू म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते थेट राजमक्काकडे वळले. "तुमचं भावाशी काही भांडण? शेतीवाडीचं, घराचं?"

"नाही, साहेब."

"त्याचं वाईट व्हावं असं वाटतं?"

"शिव शिव! कधीच नाही."

"मग त्याच्याविरुद्ध का बोलता?"

राजमक्कानं पहिल्यांदा भावाकडे पाहिलं. "लहानपणी हा अंधाराला भ्यायचा, साहेब. मी दिवा घेऊन बसायचे. अंधार काय असतो, ते ह्याला ठाऊक आहे. ठाऊक असून ह्यानं पोरीवर कडी लावली." आणि ती तिथंच, पिंजऱ्याचा कठडा धरून, हुंदके देऊन रडली.

वकिलांच्या तेव्हा ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. बहिणीच्या मनात वैर आहे, असं म्हणायची सोयच त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली होती. करायला गेले गणपती, झाला मारुती! ते कागद गुंडाळून खाली बसले.

बाहेरच्या व्हरांड्यात सांबशिव तिच्या जवळून गेला. ती म्हणाली, "सांबा, जेवलास का?" तो थांबला. "अक्का, माझ्या नावानं पुन्हा पान मांडू नको," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. विनुता धावत आली आणि तिनं आईला मिठी मारली. राजमक्का मात्र त्या पायऱ्यांकडेच बघत होती.

गायत्री आईकडेच राहिली. निकालपत्रात साहेबांनी लिहिलं की ह्या साक्षीदाराची भावावर माया आहे, म्हणूनच तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा लागतो. भुवनेश्वरीनं ते वाचून दाखवलं तेव्हा राजमक्का उठून आत गेली. पुढं काडीमोडही झाला. सांबशिव कोइमतूरला गेला असं लोकांकडून कळलं.

पुढच्या पोंगलनंतरच्या पहाटे गायत्री आजीबरोबर गच्चीवर गेली. भाताचे मुटके तिनंच मांडले, कावळ्यांना ओरडून बोलावलं. कावळे आले. विनुतानं खालून सगळं ऐकलं, आणि ह्या वेळी दार लावून घेतलं नाही.

दुपारी चौघांची पानं मांडलेली होती. घरात माणसं तीन. गायत्रीनं मोजून पाहिलं आणि विचारलं, "आजी, कोण येणार?"

"बघू गे," राजमक्का म्हणाली, आणि चौथ्या पानावर मीठ वाढलं.

त्या तिघी जेवल्या. मग विनुतानं आपलं पान उचललं, आईचं उचललं, आणि ते चौथं राजमक्काला स्वतःच उचलू दिलं.