सावरीच्या बिया

शालू, मी घर सोडलं त्या दिवशी तू तिठ्यावर आली नव्हतीस. एसटी यायला वेळ होता, आई काखेत नवी उशी घेऊन उभी होती आणि मी लाजेने अर्धमेला झालो होतो. अठरा वर्षांचा बाप्या मुंबईला शिवणकाम शिकायला निघालाय आणि सोबत काय, तर उशी! आई म्हणाली, "डोक्याखाली घरचा कायतरी असला, की झोप येता." तू घरी रुसून बसली होतीस. परसातल्या सावरीचा कापूस निवडायला आईने तुला बसवलं होतं, आणि मी जाणार या रागाने तू ते काम अर्ध्यावर टाकलंस. आईने कापूस तसाच भरला आणि उशीचं तोंड शिवून टाकलं.

हे मला जोगेश्वरीत कळलं. शिकाऊ पोरं आम्ही, कारखान्यातच मशीनींच्या मधे झोपायचो. डोकं टेकलं की कानाला काहीतरी टोचायचं. मिरीएवढी बी! कूस बदलावी तर तिकडे दुसरी. तुला किती शिव्या घातल्या म्हणून सांगू! पण महिन्याभरात बोटं आपोआप बी शोधायला लागली. एक सापडली, की ती कापडावरूनच चिमटीत फिरवत राहायचं. तुझं फुगलेलं तोंड आठवायचं, आणि रडू येण्याआधी झोप लागायची.

पुढे अंधेरीच्या गाळ्यात कटिंग मास्टर झालो. लग्न झालं, नाहूरला आलो. वरचे अभ्रे कितीदा बदलले, आतली खोळ मात्र आईच्याच शिवणीची राहिली. तुझी वहिनी त्या उशीला माझी पहिली बायको म्हणते.

आता ऐक. आपली ओवी तीन वर्षांची झाली. सुनेने वाढवत नेलेली रजा संपत आली होती. दिवसभर नात आमच्याकडे राहणार म्हणून आम्ही दोघं हवेत, पण ही बया दुपारी आमच्याकडे डोळा मिटेना. आणि दुपारची झोप हुकली, की संध्याकाळी मुलुंडला घरी जाऊन आईबापाची वाट लावायची. सून बिचारी चाचरतच म्हणाली, "बाबा, या आठवड्यात झोपायला लागली तर बघू या. नाहीतर सोमवारपासून पाळणाघरात टाकते." तिचं काही चुकलं नव्हतं. पण मला जेवण गेलं नाही.

मग मोबाइलवर पाहून मी तिच्यासाठी उशांची गादी शिवायला घेतली. पाच अभ्रे शेजारी शेजारी जोडायचे आणि प्रत्येकात एक उशी सरकवायची. पसरलं की अंथरूण, गुंडाळलं की बसायला लोड. पिवळ्या माशांचं मऊ कापड आणलं. टीप अशी सरळ, की परदेशी गिऱ्हाइकानेही नावं ठेवली नसती. बाईसाहेब आल्या, गादीवर उड्या मारल्या, तिची होडी केली, आम्हाला दोघांना प्रवासी केलं. झोप? नाव नाही. तीन दिवस हेच.

गुरुवारी दुपारी ती गादी सोडून माझ्या पलंगावर चढली आणि माझ्या उशीवर आडवी झाली. जरा वेळाने म्हणाली, "आजोबा, इथे काहीतरी आहे ना." बोटांना बी लागली होती. मी तिला तुझ्या रुसव्याची गोष्ट सांगितली. "अजून राग आहे तिला?" तिने विचारलं, आणि दुसरी बी शोधता शोधता झोपली.

शुक्रवारी तिने उशीच मागितली. कायमची. आणि शालू, तुला म्हणून सांगतो, सदुसष्ट वर्षांचा म्हातारा तीन वर्षांच्या पोरीला "माझी आहे ती" म्हणाला. वहिनीने कपाळाला हात लावला.

शनिवारी मी आईची टीप उसवली. वेडीवाकडी, जाड दोऱ्याची, कोपऱ्यात दोनदा मारलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपा बिनदिक्कत उसवल्या, इथे आधी दोनदा चष्मा पुसला. अर्धा कापूस बियांसकट ओवीच्या गादीत, डोक्याच्या कप्प्यात भरला. अर्धा माझ्या खोळीत ठेवून तोंड पुन्हा शिवलं. मशीनवर नाही, हातानेच.

सोमवारी दुपारी सुनेचा ऑफिसातून फोन आला. ती काही विचारायच्या आत मी म्हणालो, "घरी आहे ती, झोपलीय." फोन ठेवला आणि काय बोललो ते माझ्याच लक्षात आलं. आपल्यात गावचं तेवढं घर म्हणायचं, मुंबईची ती नुसती खोली. नाहूरच्या या जागेला मी चाळीस वर्षांत एकदाही घर म्हटलं नव्हतं. पोरगी इथे निर्धास्त झोपली, आणि शब्द आपसूक तोंडात आला. आईची फार आठवण झाली. थोडा रडलोही. पाळणाघराचं नाव पुन्हा निघालं नाही.

तू दर फोनला विचारतेस, "घराक कधी येतलस?" येतो गं, नातीला घेऊनच येतो. पण आता तिचीही उशी चपटी झालीय आणि माझीही. सावरीची बोंडं फुटली, की एक पिशवी भरून ठेव. आणि कापूस निवडत बसू नकोस, बाय. आहे तसाच दे.