रॉकेलचा गारवा

आगीच्या अंगावर बर्फ पिकवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. हे माझे भावजी. बंगळूरच्या एका कारखान्यात ते मापं तपासायच्या खात्यात होते. कारखाना पाच वाजता सुटायचा, पण भावजींची तपासणी सुटत नसे. कोटाच्या आतल्या खिशात, जिथे इतरांचं पाकीट असतं, तिथे त्यांची वीतभर लांबीची पितळी पाणसळ असायची. तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला तर वस्तू सपाट, नाही तर कुठेतरी अन्याय चाललेला आहे, अशी त्यांची समजूत. माझ्या लग्नात मुहूर्ताला चार मिनिटं उरली असताना त्यांनी माझ्या पाटावर पाणसळ टेकवली, बुडबुडा डावीकडे पळाल्याचं जमलेल्या मंडळींना दाखवलं, आणि लग्नपत्रिकेची चौपदरी घडी करून पाटाखाली सारली. भटजी हात जोडून घाई करत होते. भावजी त्यांना शांतपणे म्हणाले, "स्वल्प थांबा. आज कललं तर जन्मभर कललेलं राहील." माझा संसार बऱ्यापैकी चालला त्याचं श्रेय ते आजही त्या घडीला देतात, आणि माझ्या बायकोलाही ते मान्य आहे.

माझ्या बहिणीला सगळी आळी अक्का म्हणायची, म्हणून मीही. तिचा जन्म बंगळूरचा, सासर तिथल्याच मल्लेश्वरमचं, आणि तिशीतच तिला मधुमेहाने गाठलं. रोज सकाळी इंजेक्शन घ्यावं लागे. औषधाची बाटली गार राहायला हवी, म्हणून ती दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये असे, आणि अक्का तिच्या मागोमाग रोज दवाखान्यात. सात वर्षांत ती एकही रात्र गावाबाहेर राहिली नव्हती. तिला एकदा समुद्र बघायचा होता. हे तिने एकदाच, तांदूळ निवडताना, सुपाकडे बघत सांगितलं. "बघायचा म्हणजे काय, पायाला लागला की झालं," एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात भावजी लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावाला गेले आणि येताना लॉरी चालवत आले.

ती लॉरी म्हणजे लढाईतून जिवंत परतलेलं जनावर होतं. भावजींनी दोन वर्षं खपून तिच्या पाठीवर घर बांधलं. भिंतीला मिटणारी खाट, झाकण लावलं की टेबल होणारी चूल, नळ असलेली पाण्याची टाकी, आणि देव घाटात कोसळू नयेत म्हणून पितळी कठडा लावलेलं देवघर. रविवारी ते घराला कुलूप लावून समोरच उभ्या लॉरीत राहायला जात आणि खिडकीतून आपल्याच घराकडे परक्या गावासारखं कौतुकाने बघत. रस्त्यावरून जाणारे विचारत, "प्रवास कुठवर, अण्णा?" भावजी म्हणत, "अजून फ्रिज यायचाय."

लोक हसत. त्या काळात आमच्या आळीत घरात फ्रिज नव्हता, आणि ह्यांना लॉरीत हवा होता. वीज कुठून आणणार, हा प्रश्न तर मीही विचारला. भावजींनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. मग चिकमगळूरकडचा एक कॉफीमळेवाला साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाल्याचं त्यांना कळलं, आणि त्याच्या सामानातून त्यांनी ते कपाट आणलं. पांढरं, कमरेएवढं, आणि पोटाखाली रॉकेलचा दिवा. दिवा पेटवला की आतलं गार होतं. साहेबाने त्याला नेता-आणता येणारा फ्रिज म्हटलं होतं आणि ते खरंच होतं, फक्त नेणारे चौघे लागत.

दिवा पेटवला, पण आत काही गार होईना. फ्रिजवाल्या दुकानाच्या मिस्त्रीने कानाला हात लावले आणि हा मेलेला आहे, असं सांगून टाकलं. भावजींनी फ्रिजभोवती तीन फेऱ्या मारल्या, नळ्यांवरून बोटं फिरवली, आणि आम्हा चौघांना बोलावून त्याला उलटा, डोक्यावर उभा केला. दिवसभर तो शीर्षासनात होता. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. आतल्या नळ्यांत अडकलेलं, गारवा आणणारं औषध खाली उतरेल, असा भावजींचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सरळ करून, पाणसळीने चारी बाजूंनी सपाट करून त्यांनी दिवा लावला, कारण ह्या जातीचा फ्रिज जरा कलला तरी संप करतो. (भावजींच्या घरी येण्यासाठीच तो जन्माला आला असावा.) संध्याकाळी दार उघडलं तर आत भांड्यात बर्फ! खाली ज्योत, वर बर्फ, मध्ये भावजी. मी माणूस तसा निर्लज्ज, पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अक्काने बर्फावर बोट ठेवलं आणि ते गालाला लावलं.

फ्रिज लॉरीत बसवताना भावजींनी त्याला खालून-मागून अठरा बोल्ट मारले. लॉरी उलटली तरी तो हलणार नाही, असं ते अभिमानाने सांगत. चालत्या लॉरीत दिवा लावायचा नाही, तेवढ्यापुरता आतला बर्फ पुरवायचा, आणि मुक्कामाला लॉरी सपाट करून दिवा लावायचा, असा नियम ठरला. त्यात अक्काची भर पडली. ज्योत फुंकून विझवायची नाही. मग निघताना ती फुलाने ज्योत निववायची आणि तिन्हीसांजेला दिवा लागला की फ्रिजला हात जोडायची. भावजी तेवढा वेळ टोपी काढून बाजूला उभे राहत.

अशा थाटात आम्ही तिघे निघालो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दहा दिवसांचं औषध दिलं आणि बाटली गरम झाली तर ती टाकून द्या, असं बजावलं. इंजेक्शन द्यायला भावजी संत्र्यावर सुया टोचून शिकले होते. पहिला मुक्काम अरसीकेरेला, दुसरा शिमोग्याच्या पुढे. दोन्हीकडे भावजींनी चाकांखाली दगड-विटा रचून बुडबुडा मधोमध आणला. तिसऱ्या दिवशी सागर नावाचं गाव मागे टाकून घाट उतरायला लागलो आणि सकाळी दहाच्या सुमारास मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीचा पाटा खाडकन तुटला. लॉरी एका अंगावर बसली, आजारी म्हशीसारखी. खालून येणाऱ्या एका बसच्या ड्रायव्हरकडे सागरच्या लोहारासाठी चिठ्ठी दिली. तो म्हणाला, लोहार उद्या सकाळी येईल.

उद्यापर्यंत थांबायला आमची ना नव्हती. बर्फाची होती. दार उघडलं तेव्हा भांड्यात नुसतं पाणी होतं आणि त्यात औषधाची बाटली. भावजींनी दगड रचले, जॅक लावला, घोंगड्याच्या घड्या घातल्या. दर वेळी खिशातून पाणसळ काढली आणि दर वेळी बुडबुडा कोपऱ्यात जाऊन बसला. उतारच तसा होता. दिवा लावून पाहिला, ज्योत छान जळत होती, आत उकडत होतं. बारा वाजले. भावजी रस्त्याच्या कडेला बसले. त्यांचा कोट मातीने भरला होता आणि मला आठवतं, त्यांनी तो झटकला नाही.

"तम्मा, माझं चुकलं," ते मला म्हणाले. धाकट्या भावाला अक्का हाक मारायची तशीच हाक त्यांनी मारली. "दवाखान्याच्या दारातली बाई मी दोनशे मैलांवर आणून बसवली."

अक्का लॉरीच्या सावलीत ओल्या पंच्यात बाटली गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, "अहो, सपाट जागा फ्रिजला हवी ना? मग लॉरीला कशाला सपाट करत बसलात? त्याला खाली उतरवा की."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं, मग अठरा बोल्टांकडे. नेता-आणता येणारा फ्रिज त्यांनी इतक्या प्रेमाने जखडला होता की तो उचलता येतो हेच विसरले होते. पान्हे निघाले. एकेक बोल्ट काढताना भावजी असे कण्हत होते, जणू त्यांचेच दात निघताहेत.

वळणाच्या खाली एक सुपारीवाल्याचं घर होतं आणि त्यापुढे सुपारी वाळवायचं मोठं अंगण. तिथल्या चार गड्यांनी फ्रिज खांद्यावर घेतला. घरची अम्मा दारात आली, मोडक्या लॉरीतून उतरलेलं पांढरं कपाट बघून तिने सुपारी हातानेच बाजूला सारली आणि जागा करून दिली. भावजींनी शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. पाणसळ फिरवून ठेवली. मधोमध. चार पावलं सरकून ठेवली. मधोमध. कारखान्यातल्या विलायती यंत्राच्या पाट्यावरही भावजींना इतकं समाधान लाभलं नव्हतं. त्यांनी कानडीत विचारलं, हे अंगण कुणी केलं? अम्मा म्हणाली, मीच दरवर्षी करते, हाताच्या अंदाजाने, पावसाचं पाणी एका कोपऱ्यात साचू नये आणि सुपारी घरंगळू नये म्हणून. भावजींनी टोपी काढली. माणसापुढे टोपी काढताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

दिवा लागला. बाटली तोवर त्या घरच्या आडाच्या पाण्यात सोडली होती. दुपारभर भावजी फ्रिजपुढे मांडी घालून बसले, सुपारी सोलणाऱ्या बाया त्यांच्याभोवती गोळा झाल्या, आणि तिन्हीसांजेला दार उघडून भावजींनी भांडं पुढे केलं. पाण्यावर बर्फाची पापडी धरली होती. पहिला तुकडा अम्माला मिळाला. दुसऱ्या सकाळी अक्काचं इंजेक्शन वेळेवर झालं, लोहारही आला, आणि गड्यांनी फ्रिज पुन्हा लॉरीत चढवला.

त्या दिवशी दुपारनंतर होन्नावरच्या अलीकडे समुद्र दिसला. भावजींनी माडांखाली लॉरी उभी केली, पण वाळू ती, चाकं रुतायला लागली. ते फळ्या सारत राहिले, दिवा लावून फ्रिजपाशी बसले आणि तिथून उठेचनात. अक्का लुगडं घोट्यापर्यंत उचलून पाण्यात गेली. लाट आली तशी ती घाबरून मागे सरली, मग पुढे गेली, मग पुन्हा. तीनदा वळून तिने हाक मारली, "या की हो, स्वल्प बघा तरी." ते लॉरीच्या मागच्या दारातून हात हलवून म्हणाले, "तू बघ. मी आहे इथे." शेवटी ती फुलपात्रात समुद्राचं पाणी घेऊन आली. भावजींनी त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले, माल तपासून पास करावा तसं.

त्यानंतर नऊ वर्षांनी अक्का गेली. भावजींनी लॉरी विकली, फ्रिज एका खेड्यातल्या दवाखान्याला दिला आणि पाणसळ खिशात ठेवली. मध्यंतरी एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर कॉफी पिताना मी चेष्टेने म्हटलं, भावजी, एवढा खटाटोप करून तुम्ही समुद्र काही पाहिला नाहीत.

त्यांनी कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "पाहिला की. ती तीनदा वळली ना माझ्याकडे? तेव्हा तिच्या मागे होता."