घरच्या ज्वारीचे नाटक

आदरणीय वत्सलाबाई गावंडे यांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या फाटकात झाली, तीही मी भांडत असताना. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. ज्या टांग्याने आले त्याचा मालक थकलेल्या घोड्याला चाबकाने झोडपत होता. मला राहवले नाही. "घोड्याले काहून मारून राहिला रे? तो आयकत नाई का तूच आयकत नाई?" असे मी भर रस्त्यात ओरडले. मागे वळून पाहते तो पांढऱ्या लुगड्यातल्या, पन्नाशीच्या एक बाई टक लावून माझ्याकडे पाहत होत्या. आता नोकरी गेली, असेच मला वाटले. त्या जवळ आल्या, माझा हात धरला आणि टांगेवाल्याच्या देखत म्हणाल्या, "मले माह्या नाटकातली थोरली बहीण सापडली!"

त्या क्षणापासून जे सुरू झाले ते अजून संपलेले नाही. बाईंना साठ वर्षे पूर्ण होत असताना या गौरवग्रंथात लिहायला बसले आहे. किती सांगू आणि काय काय सांगू, असे झाले आहे!

बाई आमच्याच शाळेत इतिहास शिकवत, पण त्यांचा जीव नाटकात. त्या काळी आमच्याकडे गंभीर नाटक म्हटले की पात्रे पुण्याची भाषा बोलत. वऱ्हाडी बोलायची ती गड्याने, आणि त्यावर लोकांनी हसायचे. बाईंनी लिहिलेल्या 'धाकल्याचा हिस्सा' या नाटकातले सगळे घर वऱ्हाडी बोलत होते, आणि रडवतही होते. चार मोठी झालेली भावंडे. वडील कधीचेच गेलेले. धाकल्याचे दुकान बुडायला आलेले, म्हणून तो बापाच्या शेताची वाटणी मागतो. थोरला भाऊ आज सांगतो, उद्या सांगतो, असे करीत टाळतो. शेवटी कळते की शेत उरलेलेच नाही. भावंडांच्या शिक्षणासाठी थोरल्याने ते कधीच विकले आहे, आणि दरवर्षी घरोघर जाणारे 'घरच्या ज्वारी'चे पोते तो बाजारातून विकत आणून, जुन्या पोत्यात ओतून पाठवत आला आहे.

मला त्यातली थोरली बहीण करायची होती. पण माझ्या आईची परवानगी? आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला दुसरे वर्ष चालू होते. आई कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जात असे, आणि मला नोकरी लागली हेच तिला आभाळाएवढे होते. बाई एका रविवारी आमच्या घरी चालत आल्या. चटईवर बसून चहा घेतला. आई म्हणाली, "पोरगी ष्टेजवर गेली त लोकं काय म्हनतीन बाई?" बाई म्हणाल्या, "पयले काही तरी म्हनतीन. नाटक पाह्यल्यावर चूप बसतीन. तुमी पयल्या रांगेत बसा अन् कोन काय म्हनते ते मले सांगा." आई हसली. तिची हरकत तिथेच संपली.

नाटकात धाकटा भाऊ थोरल्या बहिणीच्या पाया पडतो असा प्रसंग होता. धाकल्याचे काम करणाऱ्या गृहस्थांनी आठवडाभराने सांगितले की नमस्कार तेवढा गाळावा, माझ्या पाया पडणे त्यांच्या घरच्यांना चालणार नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होते. मी मान खाली घालून उभी होते. बाईंनी आवाज चढवला नाही. "नमस्कार राहील. थोरली बहीणही हीच राहील. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही दुसरा धाकटा शोधू." ते निघून गेले. आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी चार दिवसांत ते काम पाठ केले. त्यानंतर तालमीत मी कधीही मान खाली घालून उभी राहिले नाही.

अकोल्याची नाट्यस्पर्धा आठ दिवसांवर आली होती तेव्हा खरी परीक्षा झाली. बाईंचे थोरले बंधू माधवराव दर्यापूरला राहत. काही कामाने अमरावतीला आले होते, म्हणून बहिणीच्या नाटकाची तालीम पाहायला शाळेच्या सभागृहात येऊन मागच्या बाकावर बसले. दुसरा अंक सुरू होता. थोरल्या भावाचे काम करणारे देशमुख सर बाजारातल्या नव्या पोत्यातली ज्वारी जुन्या पोत्यात ओतत होते. ज्वारी खरीच असे, कारण भुशाचे पोते प्रेक्षक लगेच ओळखतात असे बाईंचे म्हणणे. एकाएकी माधवराव उठले आणि बाहेर गेले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्याही मागोमाग धावल्या. काय झाले म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन मी व्हरांड्याच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले.

"वच्छे, तुले कवा समजलं?" माधवराव विचारत होते.

"सहा वर्सं झाली दादा. दर्यापूरच्या बाजारात पोतं बदलवतानी पाह्यलं तुमाले."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलत नव्हते म्हनून."

तेव्हा मला कळले. नाटक कल्पनेतले नव्हते. गावंडे घराण्याचे पूर्णाकाठचे शेत नव्हतेच! बाई शिकल्या होत्या, पाठचे दोघे भाऊ शिकले होते, ते सारे त्या शेताच्या पैशावर. आणि त्या दोघांपैकी अकोल्याला डॉक्टर असलेले पांडुरंगराव नवा दवाखाना बांधायचा म्हणून त्याच शेतातला आपला हिस्सा गेले वर्षभर मागत होते.

बाई म्हणाल्या, "दादा, चुकली मी. तुमाले इचारल्याशिवाय लिवलं. तुमी नाई म्हना, आत्ताच्या आत्ता नाटक बंद करते."

तीन महिन्यांची मेहनत! पण बाईंच्या आवाजात कणभरही नाटक नव्हते. त्यांनी खरोखरच ते बंद केले असते.

माधवरावांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "बंद नको करू. पण त्या मास्तरले सांग, पोतं असं नाई उचलत. कंबर मोडन त्याची. अन् ओततानी तो रडते काहून? मी कदी नाई रडलो. मले त मजा ये. वाटे, पोट्टे आता भाकर खाऊन म्हनत असतीन, घरच्या ज्वारीची चवच निराळी!"

आणि हा साठीला टेकलेला माणूस तरातरा आत आला, धोतराचा काचा खोचून रंगमंचावर चढला आणि देशमुख सरांना पोते पाठीवर कसे घ्यायचे ते दाखवू लागला! आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि आमचे डोळे वाहत होते. बाईंनी त्याच संध्याकाळी तो प्रवेश नव्याने लिहिला. थोरला आता पोते ओतताना गुणगुणत होता.

माधवरावांची इच्छा होती की पाठच्या दोघांना नाटक पाहूनच कळू द्यावे, आपल्या तोंडून सांगणे व्हायचे नाही. बाईंनी मात्र ठाम नकार दिला. "जे घरात सांगाची हिंमत नाई, ते ष्टेजवर सांगाचा मले हक्क नाई," असे त्या म्हणाल्या. प्रयोगाच्या दिवशी सकाळी बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही सामानासह अकोल्याला पोचलो; बाईंनी सांगितल्याप्रमाणे माझी आईही सोबत होती. स्टेशनवरून आम्ही नाट्यगृहाकडे गेलो आणि बाई व माधवराव डॉक्टरांच्या घरी; धाकट्या भावालाही तिथेच बोलावले होते.

दुपार गेली. संध्याकाळ झाली. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, तरी बाईंचा पत्ता नाही. व्यवस्थापक घड्याळ दाखवू लागले. माझ्या तोंडाला रंग, डोक्यावर पदर, तशीच मी पुढे झाले. मी त्यांना सांगितले, "बाई आल्याशिवाय पडदा उघडणार नाही." एवढे धैर्य माझ्यात कुठून आले कोण जाणे! तेवढ्यात दाराशी टांगा थांबला. बाई उतरल्या, माधवराव उतरले, धाकटे वसंतराव उतरले. वसंतरावांचे डोळे रडून सुजलेले. डॉक्टर नव्हते. "आमाले आंधारात ठेवलं," एवढेच बोलून ते घरीच आतल्या खोलीत जाऊन बसले होते. बाईंनी माझा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "कर सुरू."

त्या प्रयोगाचे वर्णन मी कसे करू! पहिल्या वाक्याला हशा पिकला, कारण ती भाषा ऐकली की हसायची लोकांना सवय होती. दहा मिनिटांत हशा थांबला. पोत्याच्या प्रवेशात देशमुख सर गुणगुणू लागले तेव्हा अख्ख्या नाट्यगृहात ज्वारी पडल्याचा आवाज ऐकू येत होता. त्याच वेळी मला बाजूच्या दरवाज्यात डॉक्टर पांडुरंगराव उभे दिसले. ते कधी आले कळले नाही. शेवटपर्यंत ते उभेच होते.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. माझी आई पहिल्या रांगेत उभी राहून मागच्या लोकांना सांगत होती, "माही पोरगी हाये ते!" आम्ही एकमेकांना मिठ्या मारत होतो. एवढ्या गलक्यात डॉक्टर आत आले आणि थेट थोरल्या भावासमोर थांबले.

"मोठं झाल्यावर तरी सांगाचं होतं दादा."

"मोठे झाले तुमी, तवाच त भेव वाटू लागलं," माधवराव म्हणाले.

डॉक्टरांनी दादांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि "घरी चाला" म्हणाले. त्यांचा राग पुरता उतरायला वर्ष लागले, हेही खरे. दवाखाना त्यांनी उशिरा आणि लहान बांधला. पायाभरणीला मात्र दादांनाच बोलावले.

आम्हाला पहिले बक्षीस मिळाले नाही. भाषा ग्रामीण आहे, असा शेरा परीक्षकांनी मारला. परंतु अकोलेकरांनी पुढच्याच आठवड्यात दुसरा प्रयोग लावायला भाग पाडले, आणि त्यानंतर पातूरपासून कौंडण्यपूरच्या यात्रेपर्यंत आम्ही ते नाटक कुठे कुठे केले याची गणतीच नाही. मी बी. ए. व्हावे म्हणून बाईंनी दोन वर्षे शाळा सुटल्यावर माझा अभ्यास घेतला, हे इथे नोंदवले नाही तर ते माझ्याकडून फार मोठे उणे राहील.

निवृत्त होऊन बाईंना दोन वर्षे झाली. गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतले आणि नव्या नाटकाचा पहिला अंक वाचून दाखवला. दोन बहिणी आहेत, एकीने दुसरीपासून काही लपवले आहे. वाचताना बाईंना मधूनमधून दम लागत होता, चष्मा सारखा पुसावा लागत होता, पण आवाज तोच, पंचवीस वर्षांच्या मुलीचा. अंक संपला. मी अधीर होऊन विचारले, "बाई, पुढं काय होते?"

"मले तरी कुठं माहीत? लिवल्यावर समजन!"

बाई, तुमच्या श्वासाला बळ मिळो, डोळे लख्ख राहोत, गुडघे जिने चढत राहोत. दुसरा अंक लिहा, तिसरा लिहा, आणि त्यानंतर आणखी एक नाटक सुरू करा. पुढे काय होते ते आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचे आहे.