लेकीच्या कपाळातली पट्टी

माझी लेक चार वर्षांची असताना हापशाचा दांडा तिच्या कपाळावर बसला. पाणी सासूबाई हापसत होत्या. त्यांचा हात निसटला, दांडा उसळून वर आला आणि कळशीत वाकून बघणाऱ्या पोरीच्या भुवईवरचं हाड आत दबलं. मी तेव्हा शाळेत होते, चौथीच्या वर्गावर.

जामखेडहून तिला नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "हाड उचलून पट्टीनं धरून ठेवावं लागेल. पण धातूची पट्टी नको. कवटी वाढतीय, धातूची पट्टी काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. ही विरघळणारी आहे. हाड जुळेपर्यंत धरते, मग हळूहळू अंगातच जिरते."

ऑपरेशन नीट झालं. खरी दमणूक नंतर सुरू झाली. दर दोन-तीन महिन्यांनी सकाळची एसटी, दवाखान्यातलं बाकडं, परत एसटी, दुसऱ्या दिवशी शाळा. नवरा पुण्याला कंपनीत. त्याला फोनवर सगळं सांगण्याचंही त्राण उरायचं नाही. सासूबाई मात्र प्रत्येक खेपेला यायच्या, गुडघा धरून एसटीची पायरी चढायच्या. मी कामापुरतंच बोलायचे. दोष दिला नाही, पण 'तुमची चूक नाही' असंही म्हटलं नाही.

दहाव्या महिन्यात टाक्यांच्या व्रणाजवळ टेंगूळ आलं. पहिली एसटी धरून नगर गाठलं. डॉक्टरांनी तपासलं. "पट्टी विरघळताना कधीकधी सूज येते, ताई. उतरेल." उतरली, पण कित्येक आठवडे घेऊन. त्या दिवसांत सासूबाई रोज नातीच्या कपाळावरून बोट फिरवायच्या. एकदा मला विचारलं, "पट्टी जिरल्यावर हाड परत आत न्हाई ना बसनार?"

"नाही आत्या. तोवर हाड जुळतं."

"मला वाटलं, माझ्यापायी पोरीला जन्माचं..." त्यांचं बोट पोरीच्या कपाळावरच होतं. मी वह्या तपासत होते. तपासतच राहिले.

गेल्या उन्हाळ्यात शेवटचा स्कॅन झाला. "आता तिथं फक्त तिचं हाड आहे," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी त्यांना हात जोडले. बाहेर रसवंतीत बसल्यावर मी एकदाचं म्हटलं, "आत्या, दांडा कुणाच्याही हातून निसटला असता."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर माझ्या हातून निसटला."

माझा अर्धा ग्लास रस मी त्यांच्यापुढं सरकवला, त्यांनी तो प्यायला. एसटीत बसताच मला अशी झोप लागली, की सासूबाईंनी हलवून उठवलं तेव्हा जामखेड आलं होतं.