फरशीला भोक पाडणारे सर

खुर्चीवर बसण्याआधी सर वाद्याचं लोखंडी टोक फरशीवर फिरवून भोक शोधत, अंधारात पायाने चपला चाचपडाव्यात तसं. टोक भोकात रुतलं की मान हलवून "बसलं" म्हणत आणि मगच स्वतः बसत.

तुम्ही कधी चेलो पाहिला असेल तर ठाऊक असेल, हे वाद्य मांडीवर घेता येत नाही. खाली टोक रोवून गुडघ्यांच्या मध्ये उभं धरावं लागतं. आमच्या गुलबर्ग्यात घरोघर शहाबादी फरशी, वावरून वावरून गुळगुळीत झालेली. तिच्यावर टोक घसरतं. म्हणून सर जिथे वाजवायचे तिथे आधी भोक पाडायचे.

आमच्या आडत दुकानामागच्या दोन खोल्या भाड्याने घ्यायला ते आले, तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन वर्ष उलटलं होतं. नवा भाडेकरू पाण्याचं विचारतो, भाड्याची घासाघीस करतो. यांनी विचारलं, "व्हरांड्यातल्या फरशीला एक भोक पाडलं तर चालेल का?"

अप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याकडे बघतच राहिले. "कामून? म्हैस बांधायलाव का?"

सरांनी पेटी उघडून ते तांबूस धूड दाखवलं. "थोरली सारंगी हाय म्हणा की," अप्पा म्हणाले आणि खोली सोडताना भोक सिमेंटने बुजवून द्यायचं, या अटीवर त्यांनी होकार दिला.

सर इंटर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत तोच विषय मआशियात म्हणून उर्दूतून शिकवला जाई. सर मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. तिथल्या इस्पितळातल्या मेमसाहेबांनी त्यांना चेलो शिकवला आणि मायदेशी परत जाताना तो त्यांनाच देऊन टाकला. तेव्हापासून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक भोक, पोस्टमास्तरांच्या ओसरीवर एक, आणि आमच्या दुकानातही एक. जोंधळ्याची पोती रचलेली असली की आवाज चांगला मुरतो, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना छेडायचो. "सर, एवढं वाजवून तुम्हाला मिळतं काय?"

"सावकार, ही वस्तू बाजारात येत न्हाई."

मी आडत्या माणूस. बाजारात न येणारी वस्तू म्हटलं की मला रागच येई. मग ते समजावत, "भाकरी दोघांत वाटली की अर्धी होते. त्याच्यावरच आमचं सगळं शास्त्र उभं हाय. सूर मात्र दोघांनी ऐकला तरी दोघांनाबी अख्खा मिळतो. देवाची कृपा तशीच. आमच्या पुस्तकात तिच्यावर धडा न्हाई, म्हणून रविवारी चर्चला जावं लागतं." वर्गातही ते हेच सांगत, आणि काही भाबडी पोरं परीक्षेत तेच लिहून मार्क घालवत.

त्यांच्याबरोबर त्यांची आई राहायची. सगळी गल्ली तिला मायच म्हणे. मिशनच्या चर्चची झाडलोट तिने जन्मभर केलेली. आता कान पार गेले होते. संध्याकाळी सर वाजवायला बसले की ती त्याच फरशीवर तळवा टेकून बसे. मला वाटायचं, दगडाचा गारवा घेते. एकदा सरांनी मधेच थांबून तार पिळली, तर ती म्हणाली, "कामून थांबलास रं? चांगलं चाललं हुतं की."

सर पुन्हा वाजवू लागल्यावर मी वाकून तिच्या शेजारी तळवा टेकला. दगड घुमत होता. अगदी बारीक, पण घुमत होता. टोकातून सूर फरशीत उतरत होता आणि माय तो हाताने ऐकत होती. मी गुपचूप दुकानात येऊन बसलो.

नाताळात सरांनी मला चर्चला बोलावलं. तिथे ते पुढे बसले होते, पण फरशीला भोक नव्हतं. टोक आत सरकवून वाद्य नुसतं गुडघ्यांत आवळून धरलं होतं आणि त्यांचे पाय थरथरत होते. बायकांच्या बाजूला, दाराशी माय बसलेली. हात मांडीत. शेजारणींच्या तोंडाकडे बघून ती पोराचं वाजवणं कसं चाललंय याचा अंदाज घेत होती. मला ते बघवलं नाही.

परतताना मी विचारलं, "चर्चचे पंच भोकाला न्हाई म्हणतात का?"

"पंच कवाच व्हय म्हणाले. माझाच हात उठत न्हाई. ती फरशी मायनं गुडघ्यावर बसून पुसलेली हाय."

"सूर वाटला की कमी होत न्हाई म्हणता, मग मायच्या वाट्याला कामून येत न्हाई?"

गावभर भोकं पाडत हिंडणारा माणूस त्या एका दगडापुढे अडला होता.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला तसे ते रोज एकच संथ चीज घोटू लागले. माय थकत चालली होती. चर्चमध्ये पोराला ऐकायचं तर हेच वर्ष, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. शेवटी सर कॉलेजात गेल्यावर मीच तिच्यासमोर बसलो. व्हरांड्यातलं भोक दाखवलं, बोटांचा क्रूस केला, तिच्याकडे बोट दाखवून नकाराचा हात हलवला. तिला समजायला वेळ लागला.

"माझ्यापायी?" ती म्हणाली. मी मान हलवली.

"येडं हाय. मला इचारलं बी न्हाई." मग थोडं थांबून, "छन्नी हाय का तुमच्याकडं?"

छन्नी-हातोडी घेऊन मी तिच्याबरोबर चर्चला गेलो. ती पुढे, सर बसतात तिथे, गेलीच नाही. दाराशी, आपल्या नेहमीच्या जागेवरच खाली बसली आणि माझ्या हातातून हातोडी घेतली. आवाज ऐकून पाळक धावत आले. "देवाच्या घरात भोक पाडायलीस, माय?"

मायला ऐकू आलं नाही. तिने फक्त त्यांचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "धूळ मी काढते. घाबरू नगा." पाळकांनी तिला केरसुणी आणून दिली.

शुक्रवारी सर पुढे खुर्ची मांडू लागले, तेव्हा माय उठली, खुर्ची उचलली आणि दाराशी, बायकांच्या कडेला आणून ठेवली. पंच कुजबुजले. सरांनी खाली पाहिलं. भोक वाकडंतिकडं होतं, छन्नी निसटल्याचे ओरखडे बाजूला दिसत होते. कुणाचा हात आहे ते त्यांना कळलं. त्यांनी टोक त्यात रोवलं. "बसलं" म्हणत मायकडे बघून मान हलवली आणि मगच ते बसले.

ते संगीत मला कळत नाही, आजही नाही. मी मायकडे बघत होतो. तळवा फरशीवर टेकून ती डोळे मिटून बसली होती. या वेळी तिला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. मग शेजारच्या बाईने फरशीवर हात ठेवला, मग तिच्या पलीकडचीने.

पावसाळ्यात माय गेली. पुढे भाषेवरून राज्याची वाटणी झाली आणि सरांची नेमणूक मराठवाड्याकडे गेली. जायच्या दिवशी त्यांनी ठरल्याप्रमाणे घमेल्यात सिमेंट कालवून आणलं. भोकापाशी गुडघे टेकले, मायच्या जागी तळवा ठेवला आणि तसेच बसून राहिले. अप्पांनी मला डोळ्याने खुणावलं. मी घमेलं उचलून परसात नेलं आणि फुटका हौद लिंपून टाकला. हौद अजून गळतो. सरांनी सिमेंटात वाळू फार घातली होती.

त्या खोल्यांत नंतर पुष्कळ बिऱ्हाडं आली. हे भोक कसलं, असं सगळेच विचारतात. मी सांगत बसत नाही. पण कुणी म्हातारं माणूस त्या फरशीवर बसायला लागलं, की ते हात कुठे टेकतं, हे मी बघत राहतो.