उषाताईंचा भांडणाचा तास

उषाताईंच्या मुलाचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आई बोलतेय, पण मला काही कळत नाहीये. तू येशील का?" एवढंच तो इंग्रजीत म्हणाला. त्यांना स्ट्रोक आल्याचं आदल्या दिवशी कळलं होतं. हॉस्पिटलकडे सायकल हाणताना मी स्वतःला समजावत होते, बोलतायत म्हणजे धोका टळला. तसं नव्हतं. इथे नेदरलँड्समध्ये तीस वर्षं काढून कमावलेलं डच आणि त्याआधीचं इंग्रजी, दोन्ही गेलं होतं. उरली होती फक्त मराठी. बेस्ट या आमच्या गावातल्या सगळ्या मराठी घरांतल्या मुलांना ज्या बाईंनी मराठी शिकवली, त्यांच्या पोटच्या मुलाला ती येत नव्हती. आज त्यांना जाऊन सहा आठवडे झाले...

त्यांची शाळा रविवारी सकाळी, वस्तीच्या सभागृहात भरायची. माझी इरा सहा वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा घेऊन गेले आणि दारातच थबकले. आत आठ-दहा पोरं एकमेकांवर ओरडत होती आणि बाई शांतपणे चहा पीत होत्या. मधल्या ताटलीत एकच चकली, मराठीत भांडून जिंकेल त्याची. "बाराखडी कधी सुरू करणार?" मी जरा नाराजीनंच विचारलं. "आधी भांडता येऊ दे गं, मंजिरी. श्लोक काय, पाठ होतात आणि विसरतात. ज्या भाषेत आईशी भांडता येतं, ती घरात राहते." मला हा सगळा पोरखेळ वाटला. पुण्याच्या शिस्तीत वाढलेली मी, वही-पेन्सिल घेऊन गेले होते.

निखिलबद्दल त्या एकदाच बोलल्या. सतरंज्या गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता. तो चार वर्षांचा असताना शाळेत गप्प बसायचा. तिथल्या शिक्षिकेनं सांगितलं, घरीसुद्धा डचच बोला. शिक्षिकेनं सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य, ही आपली सवय. दोघा नवराबायकोंनी त्याच संध्याकाळी फ्रिजला, दाराला, पातेल्यांना डच शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि घरातली मराठी बंद केली. "मला येत नव्हती त्या भाषेत मी त्याची आई झाले," त्या म्हणाल्या. "जेव, झोप, कोट घाल... त्यापलीकडे माझ्याकडे शब्दच नव्हते. मला शब्द येईपर्यंत तो मोठा झाला. आमचं कधी भांडणसुद्धा झालं नाही बघ." मी पुढची सतरंजी गुंडाळायला घेतली.

हॉस्पिटलमध्ये निखिल त्यांचा हात धरून बसला होता आणि डचमध्ये हळू आवाजात काहीतरी समजावत होता. त्यांची नजर धूसर झाली होती, पण माझा आवाज ऐकताच चेहरा सैल पडला. "मंजिरी, हा मुलगा कोण आहे गं? सकाळपासून बसलाय बिचारा. चांगला आहे. पण त्याला घरी जाऊ दे आणि माझ्या निखिलला बोलाव." निखिल ताडकन सावरून बसला. 'मुलगा' हा शब्द त्याला येत होता आणि स्वतःचं नाव तर कळलंच होतं. "माझ्याबद्दल बोलतेय ना? काय म्हणाली?" मी म्हणाले, "तू आलास म्हणून बरं वाटलं, म्हणतायत." तो हसला, रडला... आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

तेव्हापासून मी घाबरलेली आहे, हे सरळ कबूल करते. इरा आता नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि कामाच्या घाईत मीही तेवढ्यावर भागवते. तिच्या खोलीतून मैत्रिणींशी चाललेल्या गप्पा ऐकू येतात आणि त्यातलं अर्धं मला कळत नाही. उद्या माझ्या डोक्यातली एखादी शीर फुटली तर ही माझ्याशी काय बोलेल? पोहण्याच्या क्लाससाठी मी तिची मराठी शाळा बंद करणार होते. आता दर रविवारी मीच सभागृहाचं कुलूप उघडते, शिकवायचं काहीही शिक्षण नसताना. एक ताटली, एक चकली.

गेल्या रविवारी निखिल आला आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे वर करून बसला. मी इराला त्याच्या समोर बसवलं. तासभर ती त्याच्याशी भांडली, चक्क मराठीत. "तू कोण? माझी चकली का घेतली?" तो चाचरत तेच परत म्हणत राहिला आणि मुलं खिदळत राहिली. मुलं गेल्यावर त्यानं खिशातून फोन काढला. हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी आईचं बोलणं त्यानं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. "भाषांतर नको," तो म्हणाला. "मला माझं मला कळायला हवं. रोज ऐकतो. किती दिवस लागतील?"

फार दिवस लागणार नव्हते. 'मुलगा' त्याला येतच होता, 'कोण' माझ्याच मुलीनं नुकताच शिकवला होता. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. पण एवढंच म्हणाले, "आज एकटा ऐकू नकोस. माझ्या घरी ये, आपण बरोबर ऐकू."

त्यानं फोन खिशात ठेवला. मग त्यानं मराठीत विचारलं, "का?"