दुसऱ्या बॅटरीवर उतरलेलं जेट

परवा एरंडेल जळल्याचा वास आला आणि कळस गावचा माळ आठवला. नव्वदच्या दशकात माझे धाकटे दीर तिथं रिमोटवर चालणारं, दोन हात लांब जेट उडवायचे. त्याच्या इंधनात एरंडेल असायचं, म्हणून धुराला तोच वास. एकदा मेंढरं घेऊन आलेल्या तात्यांनी विचारलं, “इंजिन तेलावर पळतंय, मग पोटात दोन बॅटऱ्या कशाला?” दीर म्हणाले, “तात्या, आपला हुकूम पंखांपर्यंत बॅटरीच पोचवती. ती मेली तर जेट पळंल, पर ऐकायचं न्हाय. म्हणून पहिली गेली की दुसरी आपोआप लागती.” “अन् लागली, तर हितं खाली कळतं व्हय?” “न्हाय,” दीर म्हणाले. मग जेट उडालं, मेंढरं बुजली. माझी नजर मात्र दिरांच्या तोंडावर. जेट अलगद उतरलं तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. “आता उघडून दाव,” तात्या हटून बसले. झाकण काढलं, तर पहिल्या बॅटरीची वायर सुटून लोंबत होती. कधी सुटली, कुणालाच सांगता येईना. आता घरात इन्व्हर्टर आहे; वीज गेली तरी कळत नाही. डोक्यावर पंखा फिरत असला, तरी मी रात्री मधूनच उठून गल्लीतले दिवे बघून येते.